मदत हवी आहे: सहा एकर पडीत वावर, छातीएवढं गवत, ३९ एचपी ट्रॅक्टर. स्लॅशर, मल्चर का डायरेक्ट रोटा?

नमस्कार मंडळी,

यवतमाळ जिल्ह्यात आर्णी भागात आमचं सहा एकर वावर आहे, बाबांचे गुडघे गेले तेव्हापासून पडीतच आहे, बटईनं द्यायचं म्हटलं तर गवत पाहून कोणी घ्यायला तयार नाही. आता मी कायमचा गावी आलो आणि येत्या खरिपात निदान चार एकरात सोयाबीन-तूर पेरायचीच असं घरी ठरलं आहे. म्हणजे मृगापर्यंत वेळ आहे, पण गवत वाळायला लागलं म्हणून आत्तापासूनच विचारतो.

वावराची परिस्थिती नीट सांगतो, नाहीतर सल्ला देणाऱ्याला अंदाज येत नाही. खालचे चार एकर भारी काळी जमीन, त्यात कुंदा, म्हणजे खोल मुळांचं चिवट गवत. जिकडे पाहा तिकडे कुंद्याचे थोंबच थोंब, मधेमधे हरळी आणि नाल्याच्या कडेनं कास. वरचे दोन एकर बरड, तिथे कुसळी आणि बोराटीची झुडपं, काही ठिकाणी पळसाचे फुटवे मनगटाएवढे जाड झालेत. गवतात दगड आहेत, जुन्या ठिबकच्या नळ्या आहेत, कुंपणाची काटेरी तार कुठेतरी पडून आहे, आणि एक बिनकठड्याची जुनी विहीर आहे जिच्याजवळ गेल्याशिवाय ती दिसतच नाही. त्यात रानडुकरं दिवसा याच गवतात बसतात आणि रात्री शेजाऱ्याच्या तुरीत घुसतात, त्यामुळं हे काम आमच्या एकट्याचं राहिलं नाही, शेजारीही वाट पाहून आहेत.

घरी ३९ एचपी ट्रॅक्टर आहे, नऊ फणांचं कल्टिव्हेटर आणि ट्रॉली आहे, बाकी काही नाही.

गावात विचारलं तर अर्धे लोक म्हणतात काडी लावून दे, एका दिवसात मोकळं होते. ते मला करायचं नाही. शेजारी तूर उभी आहे, पलीकडे जंगल लागून आहे, वारा फिरला तर कोणाच्या बापाला आवरत नाही, आणि एवढ्या वर्षांचा पालापाचोळा जमिनीत जायचा सोडून धूर करून टाकायचा हे मनाला पटत नाही. काही म्हणतात तणनाशक मारा. छातीएवढ्या गवतात पंप पाठीवर घेऊन कोणाला घालायचं? २०१७ ला आमच्या जिल्ह्यात कपाशीवर फवारताना विषबाधेनं जी माणसं गेली ते आम्ही जवळून पाहिलं आहे, मी मजुराला त्या गवतात पाठवणार नाही.

म्हणून अवजारानंच करायचं आहे. भाड्यानं रोटाव्हेटर गावातच मिळते, त्यामुळं सगळे म्हणतात डायरेक्ट रोटा मार. माझी शंका अशी की एवढं लांब गवत रोटाच्या शाफ्टला गुंडाळणार नाही का, आणि कुंद्याची मुळं तुकडे होऊन वावरभर पसरली तर आज थोंबं आहेत तिथे उद्या गालिचा होईल. स्लॅशर, म्हणजे ट्रॅक्टरमागे आडवं पातं फिरवून गवत कापणारं अवजार, कोणी वापरला आहे का? मल्चर ३९ एचपीवर चालेल का? आणि आधी काय, नंतर काय, हा क्रम कोणी अनुभवानं सांगितला तर फार उपकार होतील.

प्रतिसाद (दारव्हा भागातून):

भाऊ, तुमची शंका बरोबर आहे, कुंद्यात रोटा घालूच नका. रोटा चार-पाच इंच वरवर खाते, कुंद्याच्या मुळाचा गड्डा त्याच्या खाली राहते आणि वरचे जे तुकडे होतात ते पाऊस पडला की जागोजागी फुटतात. हरळीचंही तेच. आमच्या इकडे जुने लोक कुंदा कुदळीनं खणून काढत, त्याला कारण होतं.

पहिले स्लॅशर. पाच फुटी स्लॅशर तुमच्या ट्रॅक्टरला आरामात चालते. त्याचं पातं पिव्होटवर असते, दगड लागला की मागे फिरते, म्हणून अशा अनोळखी वावरात तेच बरं. पहिली पाळी उंचावरून, साधारण फूटभर ठेवून मारा, म्हणजे दगड-तार-नळ्या उघडी पडतात. मग वावर पायी फिरून सगळं वेचा आणि दुसरी पाळी खालून मारा. पीटीओ, म्हणजे अवजार फिरवणारा ट्रॅक्टरचा मागचा शाफ्ट, ५४० आरपीएमवर ठेवा आणि गिअर लहान, गवत दाट लागलं तर गिअर अजून कमी करा, पण आरपीएम पाडू नका, आरपीएम पडले की पातं कापत नाही, नुसतं झोडपते.

विहीर मात्र ट्रॅक्टर घालायच्या आधी शोधा. चारी बाजूंनी चांगलं अंतर सोडून उंच बांबू गाडून त्याला लाल फडकं बांधा आणि त्या घेरातलं गवत हातानं कापा. काळ्या जमिनीत जुन्या विहिरीचा काठ आतून ढासळलेला असते, वरून कळत नाही.

कापलं की आठ-पंधरा दिवस पडू द्या. मार्च संपला की पलटी नांगर भाड्यानं लावा, ४५-५० एचपीवाल्याला सांगा, जेवढं खोल जाईल तेवढं, आणि ढेकळं फोडू नका. एप्रिल-मेचं आपलं ऊन ४४-४५ जाते, उलटी पडलेली मुळं त्यात वाळतात, हेच खरं औषध. मेच्या शेवटी तुमचं कल्टिव्हेटर आडवं-उभं मारा, मुळं फणाला अडकून वर येतात, ती गोळा करून धुऱ्याबाहेर काढा. रोटा त्यानंतर, आणि तोही जमीन कोरडी असली तरच. एका वर्षात कुंदा संपत नाही हेही सांगतो, पहिल्या वर्षी डवरणी आणि निंदण जोरात ठेवावं लागते, पुढच्या उन्हाळ्यात परत नांगर.

प्रतिसाद (वर्ध्याहून):

वरच्या भाऊंचं पटलं, फक्त मल्चरबद्दल सांगतो. मल्चर गवताचा भुगा चांगला करते, झुडपंही खाते, पण त्याला सहसा ४५ एचपीच्या वरच ट्रॅक्टर लागते, ३९ वर इंजिन दबते आणि तार अडकली तर रोटर सोडवता सोडवता दिवस जाते. बरडातली बोराटी आणि मनगटाएवढे पळस स्लॅशरनं कापू नका, खुंट राहतात आणि टायर फाडतात. तिथे दोन-तीन तास जेसीबी लावून मुळासकट काढा. धुऱ्यावर सागवान, मोह असलं काही असेल तर हात लावायच्या आधी परवानगीचं पाहा.

एक बारीक गोष्ट, वाळलेल्या कुसळीत ट्रॅक्टर चालवाल तेव्हा रेडिएटरची जाळी दर अर्ध्या-पाऊण तासानं झाडा, कुसळं बसली की गाडी गरम होते. सायलेन्सरजवळ गवत साचू देऊ नका, पाण्याचा ड्रम आणि फवाऱ्याचा पंप सोबत ठेवा. स्लॅशर चालू असताना मागे किंवा बाजूला कोणी उभं राहायचं नाही, त्यातून दगड लय दूर जाते. पायात गमबूट पाहिजेच, अशा गवतात घोणस असते.

विकत घ्यायचा विचार असेल तर महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर पाहा, अल्प-अत्यल्प भूधारक, महिला आणि एससी-एसटी शेतकऱ्यांना ५० टक्के अनुदान, बाकीच्यांना ४० टक्के, ठरलेल्या कमाल रकमेपर्यंत. पण पूर्वसंमती आल्याशिवाय बिल करू नका, नाहीतर अनुदान जाते.

मूळ प्रश्नकर्ता:

दोघांचेही मनापासून आभार. बाबांना वाचून दाखवलं, ते म्हणाले कुंद्याचं सांगणारा खरा शेतकरी आहे.

आता असं ठरवलं: बांबू गाडून विहिरीभोवतीचं गवत मी आणि भाऊ मिळून कापतो, मग खालच्या चार एकरात स्लॅशरच्या दोन पाळ्या, एप्रिलमध्ये पलटी नांगर. वरचं बरड यंदा पेरत नाही, झुडपं काढून कुसळी बी धरायच्या आधी कापून गुरांना चारा करायचा, कारण वैरणीची ओढ आहेच.

दोन गोष्टी अजून सांगा. स्लॅशरच्या पीटीओ शाफ्टला स्लिप क्लच (जोर आला की घसरणारा) असलेला घ्यावा का शिअर बोल्टवाला (जोर आला की बोल्ट तुटणारा) चालते? दगडाच्या वावरात बोल्ट सारखा तुटत राहील का? आणि आर्णी, दिग्रस, दारव्हा या बाजूला कोणत्या अवजार बँकेत स्लॅशर भाड्यानं मिळत असेल तर बँकेचं नाव इथेच टाका, जानेवारीत लागेल.