कील आणि कण्यामध्ये दीड मिलिमीटर उजेड दिसतोय, भरून काढू का कील वाकवू?

उजनीची_नाव
नमस्कार मंडळी. १:६४ मापाचं ३८ तोफांच्या फ्रिगेटचं (जुनं शिडाचं युद्धजहाज) लाकडी मॉडेल करतोय. तयार किट नाही, नकाशावरून. मधला कणा (लांबीभर उभी पाटी) आणि १४ बल्कहेड (त्याच्या खाचांत बसणारे आडवे छेद) ६ मिमी प्लायमधून लेझरवर कापून घेतले. प्लाय ६ ची म्हणून घेतली, व्हर्नियर लावला तर ५.४ भरते. कील (कण्याखालची तळाची पट्टी), स्टेम (पुढचा बाकदार खांब) आणि स्टर्नपोस्ट (मागचा उभा खांब) सागवानाचे, फर्निचरच्या कामातल्या उरलेल्या पट्ट्या रंधून ६ मिमी केल्यात. कील ६० सेंमी, एकाच तुकड्यात. तक्तपोशीचे (बाहेरून मारायच्या पट्ट्यांचे) दोन थर: पहिला १.५ मिमी, वरचा ०.६.

बल्कहेड अजून चिकटवले नाहीत, खाचांत नुसते दाबून बसवलेत. आता कणा कीलवर ठेवला की दोन्ही टोकं टेकतात आणि मध्ये दीड मिमी फट राहते. भुसा-फेविकॉल भरावा, की कील वाकवून शिकंज्यात आवळावी? दुसरं, प्लाय ५.४ आणि सागवान ६, म्हणजे सागवान आणखी रंधावं लागेल ना? तिसरं, स्टेम-कील आधी बसवायची की पहिला थर मारून झाल्यावर?

गुण्या_पटाशी
दोन्ही करू नका. आधी सगळे बल्कहेड उपसून काढा आणि नुसता कणा कीलवर ठेवून बघा. बहुतेक फट गायब होईल.

कारण असं. कण्यातल्या खाचा वरून उघड्या आहेत. बल्कहेड घट्ट बसला की पाचरीसारखा खाच फाकवतो. वरची कड लांबते, खालची तेवढीच राहते, मग कणा कमानीसारखा वर फुगतो आणि टोकं खाली जातात. एका खाचेत ०.०६ मिमी जास्तीचं असलं तरी पुरतं. कॉपियरच्या कागदाच्या जाडीपेक्षाही कमी. पण असे १४ जोडले की ६० सेंमी लांबीत मध्यावर साधारण दीड मिमी येतात. तुमचा आकडा नेमका तिथेच बसतोय, म्हणून प्लाय खराब असल्याचा संशय मला कमी आहे.

उपाय: जाड पुठ्ठ्याच्या पट्टीवर १५० नंबरचा पॉलिश पेपर चिकटवा आणि खाचेच्या दोन्ही भिंती दोन-तीन हात घासा. बल्कहेड बोटाच्या दाबाने आत जायला हवा. हातोडीचा ठोका लागला तर घट्ट, उलटा धरल्यावर आपोआप पडला तर सैल. घासताना लेझरची काळी जळकी कडही निघेल, ती काढायचीच असते, कारण जळक्या थरावर चिकटवलेला सांधा त्या थरासकट सुटून येतो.

बल्कहेड काढूनही फट राहिली तर प्लायच वाकलेली आहे. तशीच काचेवर आडवी ठेवून डाव्या-उजव्या बाजूला बाक आहे का तेही बघा. आडवा बाक असेल तर आतल्या, म्हणजे खोलगट बाजूला ओल्या फडक्याने पुसा, काचेवर वजन ठेवून २४ तास सोडा. ओल लागली की ती बाजू फुगून लांबते. तरी परत वाकली तर नाद सोडा आणि ३ मिमीच्या दोन प्लाय उलट्या बाकाने एकमेकींना चिकटवून नवा कणा कापा.

वखार_नंबर_३
जाडीबद्दल. सागवान आणखी रंधू नका, ६ च ठेवा. नाळेपाशी (पुढच्या टोकाशी) आणि मागे स्टर्नपोस्टपाशी कण्याची कड दोन्ही बाजूंनी तिरकी उतरवून टोकाला २ मिमी ठेवा. मग हिशेब: २ अधिक पहिल्या थराचे दोन्हीकडून ३, अधिक वरच्या थराचे १.२, झाले ६.२. म्हणजे एका बाजूला ०.१ मिमी बाहेर, ते शेवटच्या घासणीत जातं. सागवान ५.४ केलं असतं तर प्रत्येक बाजूने ०.४ चा कंगोरा राहिला असता आणि मग ०.६ ची वरची पट्टी घासत घासत कागद झाली असती.

उतार किती आत सुरू करायचा ते नकाशावरच्या आतल्या रेषेवरून (तक्तपोशी कण्याला टेकायला लागते ती) घ्या. नाळेला तो अरुंद असतो, मागे मात्र सुकाणूच्या पुढच्या भागात बराच रुंद. सगळ्यात जास्त चूक मागेच होते: लोक नाळ देखणी करतात, मागचा भाग जाड ठेवतात, आणि सगळी तक्तपोशी झाल्यावर स्टर्नपोस्टपेक्षा हल (जहाजाचं अंग) जाड दिसतो. तेव्हा इलाज नसतो.

एक शब्दाचा घोळ आताच मिटवा. मॉडेलच्या नकाशात 'फॉल्स कील' म्हणजे हा प्लायचा कणा. खऱ्या जहाजात फॉल्स कील म्हणजे मुख्य कीलच्या खाली ठोकलेली बळीची पट्टी. जहाज तळाला घासलं तर ती निघून जावी आणि मुख्य कील वाचावी, यासाठी. दोन वेगळ्या नकाशांतून माप घेताना इथेच गोंधळ होतो.

धोटा_सोलापूर
स्टेमबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून. एकाच फळीतून अख्खा बाक कापू नका. लाकडाचे रेषे कुठेतरी आडवे पडतात आणि नेमकं तिथे, साधं टेबलाला लागलं तरी, स्टेम कटकन तुटतं. तीन तुकडे करा, प्रत्येकाचे रेषे बाकाच्या दिशेने. सांधे तिरके, २० ते २५ मिमी लांब. सांध्याची टोकं धारेसारखी शून्यावर नेऊ नका, १ मिमी बोथट ठेवा. धारदार टोक दाबलं की चुरतं आणि पॉलिश केल्यावर काळी रेघ दिसते.

तिन्ही तुकडे काचेवर, नकाशावर बटर पेपर टाकून, आधी आपसात जोडा. ते सुकल्यावर अख्खं स्टेम कण्याला जुळवा. जुळवताना जुना कार्बन पेपर मध्ये धरून हलकं दाबा. जिथे निळा डाग पडला तिथेच उंचवटा, तेवढाच कानशीने काढा. पुन्हा कार्बन, पुन्हा कानस. पाच-सहा फेऱ्या लागतात. पहिल्या दोन फेऱ्यांत फट वाढल्यासारखी वाटते, घाबरू नका. डाग सगळीकडे सारखा पसरला की बसलं समजा. घासायचं ते स्टेम, प्लाय नाही, कारण प्लायची कड नकाशाबरहुकूम आहे.

सागवानाला पर्याय हवा असेल तर आपल्याकडे मोडक्या यंत्रमागाचे धोटे (आडव्या धाग्याची कांडी नेणारे लाकडी तुकडे) भंगारात मिळतात. लाकूड घट्ट, रेषे बारीक, १:६४ ला सागवानापेक्षा शोभतं. सागवानाची छिद्रं या मापात खड्ड्यांसारखी दिसतात. पण कांडीच्या पोकळीमुळे सलग लाकूड फक्त टोकांना निघतं, स्टेमच्या तुकड्यांपुरतं. आणि पाण्याचा थेंब टाकून बघा. थेंब मोत्यासारखा उभा राहिला तर तेल मुरलंय, सांधा धरणार नाही. काही धोटे राळ भरून दाबलेल्या लाकडाचे असतात, ते पटाशीला दाद देत नाहीत, तिथे वेळ घालवू नका.

गुण्या_पटाशी
तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर राहिलं. दोन थर असतील तर माझं मत: पहिला थर आधी, मग स्टेम-कील-स्टर्नपोस्ट, मग वरचा थर. पहिल्या थराची टोकं वेडीवाकडी सुटली तरी कण्याच्या कडेबरोबर सपाट कापता येतात.

वखार_नंबर_३
इथे मी असहमत. पहिला थर घासताना कड गोल होते, मग सपाट कील गोल कडेवर बसवायची, म्हणजे दोन्ही बाजूंना केसाएवढी फट. तुमची कील एकसंध आहे, तीच आधी लावली तर कणाही ताठ होतो. पट्ट्यांची टोकं स्टेमच्या कडेला कोरलेल्या खाचेत नीट कापून बसवायला लागतील, जास्त मेहनत, पण काम स्वच्छ. स्टेमला मास्किंग टेपचे दोन थर गुंडाळून ठेवा म्हणजे कानस लागणार नाही.

गुण्या_पटाशी
कड गोल होते ती हातात नुसता पॉलिश पेपर धरला तर. ३० सेंमीच्या सरळ लाकडी ठोकळ्यावर लावून लांबीने घासा, होत नाही. पण स्टेम स्वतः करताय आणि खाच कोरायची तयारी आहे तर त्यांची पद्धत घ्या, वाद नाही. किटमधल्या तयार कापलेल्या स्टेमला मात्र माझीच.

उजनीची_नाव
बल्कहेड काढले. कणा कीलवर सपाट बसला, उजेड अजिबात नाही! खाचा घासून परत लावले, आता मध्ये कागदही जात नाही. डाव्या-उजव्या बाजूला मात्र अर्धा मिमी बाक आहे. आणि कील आधीच लावतोय. फेविकॉल कोणतं, आणि या उन्हात काही वेगळी काळजी?

धोटा_सोलापूर
अर्धा मिमी चालेल. ॲल्युमिनियमचे दोन अँगल पाटावर समोरासमोर स्क्रूने बसवा, मध्ये कणा उभा धरा, बल्कहेड चिकटवताना तो सरळच राहील. बल्कहेडच्या मधे लाकडी ठोकळे भरले की कायमचा सरळ. स्लायडिंग खिडक्या करणाऱ्यांकडे तुकडे मिळतात.

साधा पांढरा फेविकॉल पुरतो, मॉडेल पाण्यात सोडायचं नाही ना. सागवान तेलकट, म्हणून चिकटवण्याच्या अर्ध्या तासाच्या आत पृष्ठभाग थिनरने पुसा, फडक्यावर पिवळट डाग येणं थांबेपर्यंत. एप्रिल-मेमध्ये इथे दुपारी फेविकॉलवर पाच मिनिटांत साय धरते आणि ६० सेंमी लांब सांधा जुळवेपर्यंत ते मेलेलं असतं. सकाळी लवकर करा, पंखा बंद, दोन्ही पृष्ठभागांवर पातळ थर. कूलरसमोर काम ठेवू नका, प्लायची एकच बाजू ओल पिते आणि तो अर्धा मिमी दोन होतो.

सुपरग्लू फक्त जागेवर धरण्यासाठी, दोन थेंब. त्याच्यावर कील सोडली तर एका धक्क्यात अख्खी सुटते.

वखार_नंबर_३
चिकटवण्याआधी खुंट्यांची भोकं पाडून ठेवा. दर ८-९ सेंमीवर एक, म्हणजे सात. एका रेषेत नको, मध्यरेषेच्या डावी-उजवीकडे थोडी आलटूनपालटून, नाहीतर प्लायचा एकच थर फाटतो. १.५ मिमीचं बिट हँड ड्रिलमध्ये, हळू. खुंटीला अगरबत्तीची काडी धुऊन, घासून. खुंट्या घातल्या की कील मागेपुढे सरकत नाही, आणि ओल्या फेविकॉलवर शिकंजा आवळताना नेमकं तेच होतं.

आवळल्यावर स्टेमच्या मध्यापासून स्टर्नपोस्टच्या मध्यापर्यंत शिलाईचा दोरा ताणा. प्रत्येक बल्कहेडच्या मध्यखुणेवरून तो गेला पाहिजे. फेविकॉल ओलं आहे तोवर दुरुस्ती होते. दहा तास आवळलेलं राहू द्या.

तळाला तांब्याचे पत्रे लावणार का? मुंबईच्या गोदीत १८१७ साली पाण्यात उतरलेली, सागवानी ट्रिंकोमाली याच जातीची ३८ तोफांची फ्रिगेट, आज हार्टलपूलला जपून ठेवलेली आहे. तशा जहाजांना पाणरेषेखाली तांबं असायचं, कीलवर आणि स्टेमच्या खालच्या भागावरही. तुम्ही तांबं लावणार असाल तर खालच्या सांध्यांवर जीव काढू नका, ते झाकले जातील. स्टेमचा वरचा सांधा तेवढा नीट करा, तोच सगळ्यांना दिसतो.

उजनीची_नाव
तांबं लावणार आहे. उद्या सकाळी सहाला कील.