मदत हवी आहे: बँकेच्या शाखा मॅनेजरची कुवत आकड्यांत कशी काढायची?

पंचगंगाकाठ:
सोमवारी संचालकांपुढे मांडायचंय. डीईए (किती खर्चात किती काम निघालं, यावरून शाखांची आपसात तुलना करून 0 ते 1 गुण देणारी पद्धत) चालवलं तर 19 पैकी 14 शाखांना पूर्ण 1 गुण. सगळेच कसे कार्यक्षम? लवकर सांगा.

आकडेमोड:
इनपुट किती, आउटपुट किती, वर्षं किती?

पंचगंगाकाठ:
नेहमीचेच हो. पगार, भाडं, संगणक खर्च, ठेवी. तिकडं कर्जं, व्याज, कमिशन, खाती. मार्च 2025 अखेर, एकच वर्ष.

आकडेमोड:
मग अडणारच. रकाने जास्त आणि शाखा कमी असल्या की जवळपास प्रत्येक शाखा कशात ना कशात सरस ठरते. चार आणि चार आठ. शाखा त्याच्या तिप्पट तरी हव्यात असा ठोकताळा आहे, म्हणजे 24. निम्मे रकाने काढून टाका. आणि डीईएचा गुण शाखेचा असतो, मॅनेजरचा नव्हे. डेमर्जियन, लेव्ह, मॅकव्हे या संशोधकांनी 2012 मध्ये कंपन्यांसाठी केलं तसं करा: त्या गुणातून आकार, वय वगैरेंचा परिणाम रिग्रेशननं (संख्याशास्त्रातली रीत) बाजूला काढायचा. उरेल ती कुवत, थोडं नशीबही त्यात येतं.

निवृत्त_शाखाधिकारी:
ठेवी इनपुट? ठेवीसाठी दारोदार फिरलोय मी. ते आमचं काम, आउटपुटच धरा.

आकडेमोड:
बँकांची आपसात तुलना असेल तर बहुतेक जण ठेवी इनपुट धरतात, साहेब. शाखांपुरतं तुमचं पटतं.

गूळपेठ:
भावा, ऊसबिलं जमा झाली की ठेवी आपोआप फुगतात, त्यात मॅनेजरचं काय? मार्चअखेर सोड, बारा महिन्यांची सरासरी घे.

ठेवीदार_राजारामपुरी:
ठेवींचा विमा 5 लाखांपर्यंतच असतो, एका बँकेतल्या सगळ्या शाखा मिळून. लक्षात ठेवा.

पंचगंगाकाठ:
ते नाही विचारलं, काका. सगळंच सांगतो. गगनबावड्याची शाखा तळाला आलीय, म्हणून तिथल्या मॅनेजरची वेतनवाढ रोखायचं घाटतंय. पावसात रस्त्यावर पाणी आलं की आठवडा आठवडा गिऱ्हाईक नाही. तरी हा माणूस रेनकोटात, पावतीपुस्तक प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून बचतगटाचे हप्ते आणायला वाडीवर चालत जातो. त्याची तुलना कोल्हापूरच्या गुजरीतल्या, म्हणजे सराफ बाजारातल्या, सोनेतारण शाखेशी?

निवृत्त_शाखाधिकारी:
हे आधी सांगायचं की! त्याच्या आधीच्या मॅनेजरच्या काळात तिथं थकबाकी किती होती?

आकडेमोड:
हाच खरा प्रश्न. 5 वर्षांचे आकडे आणि बदल्यांच्या तारखा काढा. शाखा तीच, माणूस बदलला, तेव्हा काय हललं ते बघा.

पंचगंगाकाठ:
बदल्यांचे आदेश आस्थापना विभागात आहेत. उद्या सकाळी काढतो. थकबाकी ढोबळ धरू की निव्वळ?