मदत हवी आहे: जीपच्या बॉनेटवर रंगाखाली जुना लष्करी नंबर निघालाय, सगळं खरवडू की थांबू?

मंडळी, जरा मोठं लिहितोय, सांभाळून घ्या. मामांची जुनी जीप माझ्याकडे आलीये. बरीच वर्षं शेडमध्ये नुसती उभी होती. घरात सगळे तिला विलीजच (जीप बनवणारी अमेरिकन कंपनी) म्हणायचे, मामासुद्धा. मी रेडिएटरखाली टॉर्च मारून बघितलं तर फ्रेमचा पुढचा आडवा तुकडा उलट्या पन्हाळीसारखा, विलीज एमबीला तिथे गोल पाइप असतो, म्हणजे ही जीपीडब्ल्यू निघाली, तीच जीप पण फोर्डने बनवलेली. मग बोल्ट घासले तर डोक्यावर बारीक एफ कोरलेला. इंजिनवर मात्र ऑइल फिल्टरच्या मागे जो उंचवटा असतो तिथे नंबर एमबीने सुरू होतो, म्हणजे इंजिन विलीजचं. त्याचं मला काही वाटत नाही, दोन्ही कंपन्यांचे पार्ट एकमेकांना बसावेत म्हणूनच तर तसे बनवले होते, १९४१ ते ४५ मध्ये दोघांच्या मिळून सहा लाखांवर गाड्या निघाल्या, त्यात कुणाचं इंजिन कुणात गेलं हा गाडीचा इतिहासच झाला.

खरा घोळ बॉनेटवर झालाय. वरचा रंग पोपडे धरून सुटत होता म्हणून ४०० नंबरच्या वॉटर पेपरने ओलं करून हळूहळू घासत बसलो (कोरडं घासू नका, जुन्या रंगात शिसं असतं, मास्क लावा). वर हिरवा, त्याखाली पिवळट, त्याखाली परत हिरवा, मग एकदम मळका मॅट ऑलिव्ह आणि त्यावर निळसर आकडे! सुरुवातीचे २० अगदी स्वच्छ दिसतायत, अमेरिकन लष्कराच्या जीपचे नंबर २० नेच सुरू व्हायचे. आणि पांढरे नाहीत, निळसर आहेत, म्हणजे दुसऱ्या महायुद्धाच्या सुरुवातीच्या काळातली गाडी असणार, पांढरे आकडे नंतर आले. मी तिथेच कागद खाली ठेवला आणि मामांना हाक मारली.

आता भांडण असं की पेंटर म्हणतो बॉडी सुटी करून सगळी सँडब्लास्ट करू, प्रायमर मारू, नवा ऑलिव्ह मारू, नंबर काय स्टेन्सिलने परत काढता येतो. मामा म्हणतात मला ती रस्त्यावर चाललेली बघायचीये, रंगाचं तू बघ. मला वाटतं परत काढलेला नंबर हा फक्त नंबर आहे, खालचा जो आहे तो कुणीतरी त्या वेळी हाताने मारलाय, एकदा वाळूने उडवला की गेला तो गेला. पण मग उरलेल्या गाडीचं काय, अर्धी फाटकी आणि अर्धी नवी अशी कशी दिसेल?

सँडब्लास्टिंगची मला तशीही भीती वाटते. वाळूच्या माऱ्याने पातळ पत्रा लाटेसारखा होतो हे ऐकलंय, शिवाय फ्लोअरखाली ज्या टोपीसारख्या पट्ट्या आहेत त्यांच्या आत लाकूड भरलेलं असतं, ते पाणी धरून ठेवतं आणि पत्रा आतून खातं. माझ्या गाडीत ड्रायव्हरच्या पायाखाली बोट आरपार जातंय. तिथे वाळू घुसली तर कायमची आतच राहणार. छोटे पार्ट मी धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात बॅटरी चार्जर लावून साफ करतोय, मस्त निघतात, फक्त दुसऱ्या टोकाला स्टेनलेस स्टील लावू नका, विषारी क्रोमियम सुटतं. साधं लोखंड लावा.

इंजिन जाम आहे. प्लग काढून चारही सिलिंडरमध्ये ऑइल सोडलंय, रोज हँडलला थोडा जोर देऊन बघतो. एक मित्र म्हणाला गिअरमध्ये टाकून ट्रॅक्टरने ओढ, सुटेल. नाही ओढणार. फ्लॅटहेड इंजिन आहे (व्हॉल्व्ह सिलिंडरच्या बाजूला असतात ते), एखादा व्हॉल्व्ह अडकलेला असला तर काहीतरी वाकून बसायचं.

आणि एक मूर्खपणा कबूल करतो. डाव्या बाजूचं चाक काढताना नट हलेना म्हणून पान्यावर पाइप घालून लटकलो आणि स्टड तोडला. डावीकडचे आटे उलटे असतात हे त्यानंतर वाचलं! पण याहून मोठं संकट थोडक्यात टळलं. चाकावर बाहेरच्या बाजूला जे आठ नट आहेत ते रिमचे दोन भाग जोडणारे आहेत, टायरमध्ये हवा असताना ते सोडले तर रिम उडून तोंडावर येते. भाचा त्यांनाच पाना लावत होता, मी ओरडलो. कुणी असल्या रिमवर काम करत असाल तर आधी व्हॉल्व्हची पिन काढून सगळी हवा सोडा.

तर प्रश्न असा की फक्त बॉनेट जुन्या रंगात ठेवून बाकी गाडी नव्याने रंगवलीये असं कुणी केलंय का? वाईट दिसतं का? आणि त्या जुन्या रंगावर काय मारायचं म्हणजे गंज थांबेल पण चमक येणार नाही? इंग्लंडमधल्या बॉव्हिंग्टनच्या संग्रहालयातला जर्मन रणगाडा टायगर १३१ सुद्धा मूळचं इंजिन बदलून चालवतात, त्यामुळे इंजिन बदललं तर मी मनाला लावून घेणार नाही. रंगाचं मात्र ठरत नाहीये.

अपडेट: सगळ्यांचे आभार. नंबरावर पारदर्शक प्लॅस्टिक ठेवून मार्करने ट्रेस काढून ठेवलाय, मोजपट्टी ठेवून फोटोही काढले. पेंटरला बॉनेट सोडून बाकी बॉडीचंच काम दिलंय, तेही वाळू न वापरता. नंबर बॉनेटच्या दोन्ही बाजूंना असायचा हे इथेच कळलं, म्हणून काल उजवीकडे घासायला घेतलं. तिथे मोठा पोचा आहे आणि त्यावर कुणीतरी लांबी (पुट्टी) भरलीये. डावीकडचा शेवटचा आकडा ३ आहे की ८ ते कळत नाहीये, रात्री टॉर्च आडवी धरून पण बघितलं. लांबी खरवडावी की हीट गनने सोडवावी, खालचा रंग वाचेल असं काय करता येईल?