खत दुकानाला गूगलवर एक तारा दिला, आता मालक दावा ठोकतो म्हणते. रिव्ह्यू काढू का ठेवू?

पऱ्हाटी_यवतमाळ:
राम राम मंडळी. तालुक्याच्या गावात एक कृषी केंद्र हाय, नाव नाही घेत. जुलैत पऱ्हाटीले, म्हंजे कपाशीले, खत द्याचं होतं, दोन थैल्या युरिया मागतला. मशीनवर अंगठा घेतला, थैलीचे 266 रुपये 50 पैसे, इथलोक सगळं बरोबर. थैली उचलाच्या आंधी काउंटरवर एक बाटली ठेवली, कायचं तरी टॉनिक, साडेचारशेची, अन् म्हने हे घेतल्याशिवाय युरिया भेटत नाही. मी म्हटलं मले नाही लागत, तं म्हने मंग तुले युरियाबी नाही लागत. पाणी पडून गेलतं, वापसा होता, थांबून जमत नव्हतं, घेतली. बिलात फकस्त युरिया, बाटलीचा पत्ता नाही.

घरी आलो, डोस्कं गरम होतं, फोन काढला अन् गूगलवर एक तारा देऊन सगळं लिहून टाकलं, शेवटी 'चोर लोक हायेत, जाऊ नका' असंबी लिहिलं. तीन दिवसानं मालकाचा फोन, रिव्ह्यू काढ नाहीतं मानहानीचा दावा लावतो, वकिलाले सांगून ठेवलं हाय. अन् फोन ठेवता ठेवता हळूच, 'मागची उधारीबी पोळ्याच्या आंधी पाहून घेजो.' बाबा म्हनते काढून टाक बे, पुढच्या पेरणीले त्याच्याच दारात जाचं हाय. खरं लिहिल्यानं जेल होते का?

कोर्टाबाहेरचा_टायपिस्ट:
भाऊ, मी वकील नाही, पण वीस वर्षं अशाच नोटिसा टाइप करून राहिलो. मानहानी आता भारतीय न्याय संहितेच्या कलम 356 मध्ये आहे, 1 जुलै 2024 च्या आधी हेच आयपीसीचं 499-500 होतं. शिक्षा दोन वर्षांपर्यंतची साधी कैद किंवा दंड किंवा दोन्ही, त्यात आता समाजसेवेचाही पर्याय आला. पण गुन्हा अदखलपात्र आहे, म्हणजे त्यानं ठाण्यात जाऊन बोट दाखवलं की पोलीस तुला उचलतील असं होत नाही, त्याला मॅजिस्ट्रेटसमोर तक्रार करावी लागते. आणि त्याच कलमात अपवाद आहेत, लोकांच्या हिताची खरी गोष्ट सांगितली, चांगल्या हेतूनं दुसऱ्याला सावध केलं, तर ती मानहानी होत नाही. पालघरच्या दोन पोरींना 2012 मध्ये फेसबुकवरून धरलं होतं आठवते ना, ते आयटी कायद्याचं 66अ कलमच सुप्रीम कोर्टानं 2015 मध्ये रद्द केलं.
तुझी अडचण एकच, 'चोर'. बाटली गळ्यात मारली हे घडलेलं आहे, चोर ही शिवी आहे. ती काढ, बाकी राहू दे.

बियाणेवाला_शेठ:
दुसरी बाजूबी ऐका. माझं स्वतःचं दुकान हाय, दुसऱ्या जिल्ह्यात. लिंकिंग, म्हंजे खतासंगं दुसरा माल गळ्यात मारनं, आमच्यावर वरूनच होते, खताच्या गाडीसंगं नको तो माल उतरवते अन् तो खपवाचा कुठं? चूक ते चूकच हाय, मी नाही म्हनत नाही. पन मलेबी एका गड्यानं एक तारा देल्ला जो कधी दुकानात आलाच नव्हता, समोरच्या दुकानदाराचा साळा निघाला. त्याचं काय करता? आंधी दुकानात येऊन बोला, मंग लिहा.

हिंजवडीतला_वऱ्हाडी:
आंधी बोललाच न तो, शेठ, काउंटरवरच बोलला, वाचलं नाही का. बाय द वे अमेरिकेत यासाठी वेगळा कायदाच आहे. तिथं एका ऑनलाइन दुकानानं युटामधल्या नवरा-बायकोला वाईट रिव्ह्यू लिहिला म्हणून साडेतीन हजार डॉलर मागितले होते, का तर अटींमध्ये बारीक अक्षरात लिहिलं होतं की आमच्याविरुद्ध लिहायचं नाही. असल्या प्रकरणांवर बोंब झाली आणि 2016 मध्ये ग्राहकाचं तोंड बांधणारी अटच बाद ठरवणारा कायदा आला. आपल्याकडं 2022 चं भारतीय मानक ब्युरोचं ऑनलाइन रिव्ह्यूचं मानक आहे, आयएस 19000, पण ते ऐच्छिक.

तुरीच्या_शेंगा:
अमेरिकेत उधारीवर खत भेटते का दादा? इथं अटबिट लिहून घ्याची गरजच नाही, त्याची लाल वही पुरते.

अंबाडीची_भाजी:
पोरा, रिव्ह्यूच्या भानगडीत मुख्य काम राहून जाईल. युरियासोबत दुसरी वस्तू जबरदस्तीनं देता येत नाही, तालुका कृषी अधिकाऱ्याकडे लेखी अर्ज दे आणि पोच घे, पोच विसरू नको. 1915 हा ग्राहक हेल्पलाइनचा नंबर आहे, तिथंही नोंदव. आमच्या बचत गटातल्या एकीनं शिलाई मशीनसाठी तिथं फोन केला होता, मशीन बदलून आलं. बाटलीचं बिल नाही म्हणतो, पण फोनवरून पैसे दिले असतील तर त्याची नोंद असेल बघ. आणि मालकाशी यापुढे फोनवर बोलू नको, व्हॉट्सॲपवर लिहून मागव.

पऱ्हाटी_यवतमाळ:
सगळ्याईचे आभार. बाटलीचे पैसे फोनपेनंच देल्ले होते, अंबाडीताईनं सांगतलं म्हून पाह्यलं, 450 ची एंट्री दुकानाच्याच नावानं हाय. अर्ज देल्ला, पोच घेतली, बाबू तोंड वाकडं करत होता. रिव्ह्यूतून 'चोर' काढलं, तारीख टाकली, बिलाचा अन् फोनपेचा फोटो लावला. मालकाले मेसेज केला की काय खोटं हाय ते लिहून पाठवा, निळ्या खुणा आल्या, उत्तर नाही.
पारावर सांगतलं तं सात-आठ जन म्हनले आमालेबी तेच बाटली देल्ली. म्हटलं लिहा मंग तुमीबी. सगळे खाली पाहाले लागले. बाटली गोठ्यात तशीच पडून हाय, सील नाही तोडलं, पंचनाम्याले कोनी आलं तं दाखवाले कामी येईन.