मदत हवी आहे: फाऊल, धसमुसळा खेळ आणि रेफ्री (अर्जंट!!)

बहुधा_पुणेकर
मंडळी, सोमवारी सरांना दाखवायचंय आणि मी पार अडकलोय. एम.एस्सी. स्टॅटचा प्रोजेक्ट. बास्केटबॉलमध्ये जी टीम धसमुसळं खेळते तिचे फाऊल रेफ्री त्याच प्रमाणात पकडतो, की थोडे सोडून देतो? माझ्या डेटात असं दिसतंय की एका टीमचे फाऊल पुढे गेले की पुढची शिट्टी दुसऱ्या टीमवर वाजायची शक्यता वाढते. सर म्हणतात, "हे रेफ्रीमुळेच होतंय कशावरून?" कशावरून म्हणजे काय! लॉजिस्टिक (शक्यता काढायचं मॉडेल) चालवलंय, पी-व्हॅल्यू मस्त आहे, म्हणजे निव्वळ योगायोग वाटत नाही. मॉडेलमध्ये अजून काय टाकू? प्लीज लवकर.

शिट्टी_३२
कुठली लीग? फिबाचे, म्हणजे जागतिक संघटनेचे, नियम असतील तर पाच फाऊलला खेळाडू बाहेर, एनबीएत, म्हणजे अमेरिकेच्या व्यावसायिक लीगमध्ये, सहाला. आणि मोजलेले फाऊल फक्त बचावाचे, की आक्रमणाचेही? चार्ज, म्हणजे आक्रमक बचाववाल्यावर आदळतो ते, धरलेत का?

बहुधा_पुणेकर
एनबीएच, अजून कुठली. चार सीझन.

डंकमास्तर_ठाणे
यात मॉडेल कसलं करताय? डेट्रॉइट पिस्टन्स बघा. लॅम्बीअर, महॉर्न, रॉडमन. जॉर्डन आत घुसला की आडवा करायचा, दर वेळी. रेफ्री किती शिट्ट्या मारणार, सामना संपायला नको? १९८९ आणि १९९०, लागोपाठ दोन वेळा चॅम्पियन. झालं सिद्ध.

गणिती_काकू
मास्तर, दोन ट्रॉफ्यांनी काही सिद्ध होत नाही. बचाव चांगला होता म्हणूनही जिंकले असतील. पुणेकर, 'धसमुसळं' तुम्ही मोजलंत कसं?

बहुधा_पुणेकर
सीझनचे सरासरी फाऊल घेतलेत काकू.

गणिती_काकू
अरे बाळा! फाऊलवरून दांडगाई ठरवायची आणि दांडगाईवरून फाऊल. आपणच पेपर काढायचा, आपणच सोडवायचा, आपणच तपासायचा. सर बरोबर विचारतायत.

कोडकर_कुणाल
एक्सेल सोडा, आर ही स्टॅटची कॉम्प्युटर-भाषा शिकून घ्या. आयुष्य बदलेल.

बहुधा_पुणेकर
आरच वापरतोय!!! विचारलंय काय, सांगताय काय.

सत्यशोधक_९९
सगळं फिक्सिंग आहे. तो रेफ्री टिम डोनागी विसरलात?

डंकमास्तर_ठाणे
आलेच हे. डोनागी २००७ मध्ये सापडला तो सट्ट्यात. त्याचा इथे काय संबंध? वेगळा धागा काढा.

शिट्टी_३२
मी ३२ वर्षं शिट्टी वाजवली, जिल्हा आणि विद्यापीठ पातळीवर. एनबीए टीव्हीवरच पाहिलंय, पण अनुभव सांगतो.

बास्केटखाली बचाव करणारा समोरच्याच्या पाठीला हात लावून उभा असतो. तो नुसता टेकलाय की ढकलतोय, हे बनियनच्या चुणीवरून कळतं. चुणी ताणली गेली की ढकलतोय. पहिल्या क्वार्टरला ती दिसली की मी वाजवायचो. पण एखादी टीम दर वेळी तेच करत राहिली, की विसाव्यांदा ती चुणी डोळ्याला खुपेनाशी होते. आजचा सामना असाच आहे, असं मन ठरवून टाकतं.

दुसरं म्हणजे बाक. ओळीने चार शिट्ट्या एकाच बाजूला गेल्या की त्यांचा कोच रेषेवर येऊन ओरडतो, "सर, तिकडे पण हात आहे!" आणि मग तिकडचा हात दिसायला लागतो. हात तिथे असतोच, आधीही होता. नसलेला फाऊल कोणी देत नाही हो. एरवी सोडला असता तो वाजतो, इतकंच.

सत्यशोधक_९९
म्हणजे कबूल केलंत की पक्षपात करता.

शिट्टी_३२
तुम्ही एकदा तालुक्याची फायनल सांभाळा, मग बोलू.

वरळीची_वीणा
अवांतर: २०१९ मध्ये वरळीच्या डोममध्ये एनबीएच्या पेसर्स-किंग्जचा पहिला सामना पाहिला होता. ओव्हरटाइममध्ये १३२-१३१! वरच्या रांगेतून एकही फाऊल दिसला नाही, नुसती शिट्टी ऐकू यायची आणि आमची अख्खी रांग एकमेकांना विचारायची, "कोणाचा? कोणाचा?"

बहुधा_पुणेकर
ताई, छान, पण सोमवार!

गणिती_काकू
शिट्टी सरांचं खरं असेल, पण रेफ्रीने काहीही न करता तुमचा आकडा तसाच येऊ शकतो. क्वार्टरमधल्या पाचव्या टीम-फाऊलपासून बचावाच्या प्रत्येक फाऊलला समोरच्यांना फ्री थ्रो, म्हणजे कोणी न अडवता बास्केटवर फेकी, मिळतात. मग ती टीम आपसूक हात आवरते. ज्याचे स्वतःचे फाऊल जास्त झालेत तो बाकावर बसतो. शिवाय फ्री थ्रोनंतर चेंडू बहुतेक वेळा फाऊल करणाऱ्या टीमकडे जातो, म्हणजे आता बचाव दुसऱ्या टीमचा आणि फाऊलची पाळीही तिची. हे तिन्ही टाकल्याशिवाय रेफ्रीवर बोट ठेवू नका. आणि चार सीझन कुठले?

बहुधा_पुणेकर
२०२०-२१ ते २०२३-२४.

गणिती_काकू
हे आधी सांगायला काय झालं! २०२०-२१ ला करोनामुळे बरीच स्टेडियम रिकामी होती, ओरडायला माणूस नव्हता. २०२१-२२ पासून शूट करताना बचावकर्त्यावर मुद्दाम आदळून फाऊल मागायचे प्रकार बंद केले. २०२३-२४ पासून फाऊल मिळावा म्हणून पडायचं नाटक केलं तर टेक्निकल फाऊल. चारही सीझन एका टोपात कसे शिजवताय?

डंकमास्तर_ठाणे
आणि मुद्दाम केलेले फाऊल काढलेत का? डिसेंबर १९९७, डॅलसचा कोच डॉन नेल्सन याने बबा वेल्सला फक्त रॉडमनला धरायला उतरवलं, फ्री थ्रो चुकवेल म्हणून. ३ मिनिटांत ६ फाऊल, बाहेर! आणि रॉडमनने १२ पैकी ९ फ्री थ्रो टाकले, हाहाहा. तिथे रेफ्रीने ठरवायचं काय? मागे पडलेली टीम शेवटी घड्याळ थांबवायला हेच करते.

गणिती_काकू
मास्तर, आज पहिल्यांदा कामाचं बोललात.

शिट्टी_३२
आणि न वाजलेल्या शिट्ट्या कुठे आहेत तुमच्या डेटात? प्रश्न तर त्यांचाच आहे. एनबीए मार्च २०१५ पासून अटीतटीच्या सामन्यांच्या शेवटच्या दोन मिनिटांचा अहवाल देते. कुठला फाऊल बरोबर दिला, कुठला चुकून दिला, कुठला चुकून सोडला, सगळं एकेक करून. चुकून दिलेल्यांपेक्षा चुकून सोडलेले कितीतरी जास्त. ते घ्या.

गणिती_काकू
पण तेही शेवटच्या दोनच मिनिटांचं, तेव्हा खेळ वेगळाच असतो. पुणेकर, अँडरसन आणि पिअर्स यांचा २००९ चा पेपर वाचलात ना? अमेरिकन कॉलेजचे २००४-०५ चे ३६५ सामने. फाऊलमधला फरक वाढला की पुढची शिट्टी कमी फाऊलवाल्यांवर, वर घरच्या टीमला झुकतं माप. मग दांडगाई करणाऱ्याचंच फावतं, असं त्यांचंही म्हणणं.

बहुधा_पुणेकर
नाही वाचला. म्हणजे माझा विषय गेला??

गणिती_काकू
ते कॉलेज, तुमचं एनबीए. चहा प्या आणि कामाला लागा.

उंचमाझाझोका_नाशिक
बास्केटबॉलने मुलांची उंची खरंच वाढते का? मुलगा सातवीत आहे.

बहुधा_पुणेकर
रविवार रात्र, अपडेट. पाचवा टीम-फाऊल आणि चेंडू कोणाकडे हे टाकलं, तर आकडा बराच उतरला. मास्तरांचं ऐकून शेवटची दोन मिनिटं गाळली, तर पुन्हा थोडा चढला. दांडगाईचं माप अजून सापडलेलं नाही. तरी तेवढं सरांना मेल केलं. दहा मिनिटांत उत्तर आलं: "यात आक्रमणाचे फाऊल धरलेत का?"

शिट्टी सर, चार्ज वेगळे कसे काढायचे?

शिट्टी_३२
पहिल्याच प्रतिसादात विचारलं होतं.