नालाची ‘पकड’ की ‘कर्षण’?

घोडेस्वारीवरचा एक मजकूर मराठीत लिहितोय. ओल्या, गुळगुळीत कातळावरच्या वाटेसाठी नालांना काय काय जोड देता येते, असा विषय आहे. ‘ट्रॅक्शन’ला कोशात ‘कर्षण’ सापडलं. ‘जादा कर्षणाचे नाल’ लिहून पाहिलं आणि माझं मलाच हसू आलं. दुसरं म्हणजे, तो नाल की ती नाल?

*

कर्षण म्हणजे ओढणं. रेल्वेच्या ‘विद्युत कर्षणा’त ते शोभतं, तिथे इंजिन डबे ओढतं. इथे पाय सटकू नये एवढंच हवंय. ‘पकड’ लिहा.

नाल दोन्ही लिंगांत ऐकलाय आणि ऐकलीय. एक धरा आणि शेवटपर्यंत निभवा. फक्त ‘नाळ’ लिहू नका, घोड्याची बेंबी निघेल!

*

‘पकड’ बरोबर, पण सगळीकडे तोच शब्द टाकलात तर खरी गंमत हरवेल. जमीन बदलली की क्रियापद बदलतं.

चिखलात किंवा गवतात नालेखाली पिळून बसवलेले स्टड, म्हणजे धातूचे छोटे खुंट, रुततात. कातळात काय रुतणार? उलट उंच स्टडमुळे टेकायला जागाच कमी उरते आणि पाय डगमगतो.

कातळासाठी नालेच्या टाचांवर आणि पुढच्या टोकाला टंगस्टन कार्बाइडचे कण मऊ धातूत धरून वितळवून चढवतात. नालबंदांच्या बोलीत हे ‘बोरियम’. नाव ऐकून बोरॉन वाटतं, पण तसं नाही. मऊ धातू आधी झिजतो, त्यामुळे कठीण कण उघडे पडत राहतात, कानशीसारखे. कठीणपणाच्या मोह्स मापात कार्बाइड 9 च्या आसपास, दगडातलं क्वार्ट्झ 7. म्हणून ही नाल दगडाला चावते. साधी पोलादी नाल झिजून गुळगुळीत झाली की त्याच दगडावर सटकते.

आणि रबराचे किंवा पॉलियुरेथेनचे खुरांचे बूट? ते चावतही नाहीत, रुततही नाहीत. ते दगड धरतात.

*

‘बूट’वरून आठवलं. नाल मूळ अरबी ‘नअल’, म्हणजे पादत्राणच. त्याचंच ‘नालबंद’. पेशवाईत शिलेदाराला चाकरीआधी मिळणारी आगाऊ रक्कम ती ‘नालबंदी’. बैलाला मात्र नाल नाही, पत्री मारतात. खूर दुभंगलेला, म्हणून एका पायाला दोन. (विषयांतर झालं, पण राहवलं नाही.)

*

एक अडचण सांगतो. ‘न घसरणारे नाल’ असं शीर्षक देऊ नका. खूर टेकताना किंचित पुढे सरकतो, त्यात बराच हिसका जिरतो. पाय जागच्या जागी अडकला तर तो हिसका सांध्यांवर आणि कंडरांवर जातो. म्हणून कार्बाइडही जपूनच चढवतात. या सरकण्याला ‘घसर’ म्हणता येईल का? घसर थोडी हवी, घसरगुंडी नको.

*

‘घसर’ आवडला, घेतो. आता वाक्य असं: ‘टापांना ठोकलेला नाल कातळाला चावला पाहिजे, पण थोडी घसर ठेवून.’

*

नाल खुराला ठोकतात. माझ्या कानाला तरी टाप ऐकू येते, तिला खिळे बसत नाहीत.