हेमन स्वेट यांनी वेगळं लॉ स्कूल नाकारलं, ते बरोबर होतं का?

सायली_वाचते: ह्यूस्टनचे पोस्टमन हेमन स्वेट यांनी फेब्रुवारी १९४६ मध्ये अमेरिकेतल्या ऑस्टिनच्या टेक्सास विद्यापीठात लॉसाठी अर्ज केला. कृष्णवर्णीय म्हणून नकार मिळाला. खटला उभा राहिल्यावर राज्य सरकारनं १९४७ मध्ये घाईघाईनं फक्त कृष्णवर्णीयांसाठी वेगळं लॉ स्कूल काढलं, तेही एका तळघरात. स्वेट गेले नाहीत. माझ्या मते तो नकारच या लढ्याचा कणा आहे.

बांधावरून: मला नाही पटत. तळघर तात्पुरतं होतं. पुढे ह्यूस्टनला कृष्णवर्णीयांसाठी विद्यापीठ उभं राहिलं, आजचं टेक्सास सदर्न. स्वेट यांच्याच समाजातले संपादक कार्टर वेस्ली सांगत होते, खटला लढा, पण मिळतंय ते विद्यापीठही सोडू नका. सर्वोच्च न्यायालयाचा स्वेट यांच्या बाजूनं निकाल यायला चार वर्षं लागली, तोवर मुलांनी काय करायचं? आणि निकालानंतरही टेक्सास विद्यापीठाचे पदवीचे वर्ग कृष्णवर्णीयांना १९५६ पर्यंत बंदच होते. पुढे खासदार झालेल्या कृष्णवर्णीय नेत्या बार्बरा जॉर्डन पदवीला टेक्सास सदर्नमध्येच शिकल्या.

सायली_वाचते: आणि लॉसाठी बॉस्टनला गेल्या, हेही सांगा ना. निकालपत्रातले आकडे बघा: टेक्सास विद्यापीठाच्या लॉ स्कूलमध्ये १६ पूर्णवेळ प्राध्यापक आणि ६५,००० ग्रंथ, वेगळ्या स्कूलमध्ये ५ प्राध्यापक आणि १६,५०० ग्रंथ.

काळाकोट: मी जिल्हा कोर्टात वकिली करते. माझ्या दृष्टीनं पुस्तकांच्या आकड्यांपेक्षा त्याच निकालातला दुसरा मुद्दा मोठा आहे. वेगळ्या स्कूलमधून राज्याची ८५ टक्के लोकसंख्या वगळलेली होती, आणि बहुतेक वकील, साक्षीदार, न्यायाधीश त्यातलेच. उद्या ज्यांच्यासमोर उभं राहायचं, त्यांच्याशी वर्गात एकदाही वाद घातला नाही, तर वकिली कशी शिकणार? इमारत कितीही चांगली बांधली तरी ही उणीव भरत नाही. स्वेट यांचे वकील थर्गूड मार्शल यांनी हे मांडलं, आणि ऐकणारे न्यायाधीश स्वतः लॉ शिकलेले होते. ५ जून १९५० चा निकाल एकमताचा होता.

मीनाक्षी_ठाणे: पण त्या माणसाचं काय झालं? १९५० मध्ये प्रवेश मिळाला तेव्हा तब्येत ढासळली होती, संसारही मोडला. १९५२ मध्ये पदवी न घेताच बाहेर पडले. खटला लढवणाऱ्या एनएएसीपी (NAACP) या कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठीच्या संघटनेनं एका माणसावर फार मोठं ओझं टाकलं, असं मला वाटतं.

सायली_वाचते: ओझं होतंच. पण खटल्यासाठी कोण उभं राहणार, असं संघटनेच्या बैठकीत विचारल्यावर कुणी पुढे येईना, तेव्हा ते आपणहून उभे राहिले होते. नंतर समाजकार्याचं शिक्षण घेऊन त्यांनी आयुष्यभर तेच काम केलं.

बांधावरून: स्वेट यांना मी बोल लावत नाही. पण ज्यांनी त्या वेगळ्या स्कूलमध्ये नाव घातलं, तेही वकील व्हायलाच गेले होते. त्यांना कच खाल्लेले म्हणू नका, एवढंच माझं म्हणणं.